राजोडीचे कावळे आणि माझी खुर्ची

कावळा काळा नसतो, हे मला आयुष्यात दोन वेळा कळले. पहिल्यांदा निवृत्तीनंतर राजोडीच्या किनाऱ्यावर, कार्यालयातील सहकाऱ्यांनी निरोपाला दिलेल्या दुर्बिणीतून. दुसऱ्यांदा यंदा, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर, विरार पूर्वेला, फुलपाड्यातील माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून. पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या सकाळी ग्रिलवर एक कावळा बसला होता आणि त्याच्या पंखांवरून निळा, जांभळा, मध्येच हिरवट असा तकतकीत उजेड घसरत होता. मानेभोवती राखेचा रंग. गॅसवर दूध ठेवले आहे हे विसरून मी पाहत राहिले. त्यानेही मला आधी एका डोळ्याने आणि मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने पाहिले. जणू त्याच्याही डोळ्यांचे नुकतेच काही झाले असावे आणि तो दोन्ही पडताळून बघत असावा.

मग त्याने चोचीतला पावाचा वाळका तुकडा चिमण्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या वाडग्यात टाकला, जरा थांबला आणि मऊ झाल्यावर उचलून खाल्ला. हे त्याला कोणी शिकवले असेल? आईने? शेजाऱ्याने? की एकदा चुकून तुकडा पाण्यात पडला आणि त्या चुकीतून त्याने धडा घेतला? माझ्यासारखे लोक चूक झाली की दोन दिवस तोंड लपवतात. कावळा चुकीची चव घेऊन पाहतो.

दूध अर्थातच उतू गेले.

त्याच आठवड्यात बाजारातून परतताना नव्या हंगामाच्या सुक्या बोंबलांचा वास आला. आमचे घर मूळचे साताऱ्याकडचे. सुक्या मासळीचा वास हा आमच्याकडे सोसायटीच्या बैठकीत तक्रार करण्याचा विषय. पण मी भाजीची पिशवी घेऊन त्या वासात उभी राहिले, आणि पाऊस संपल्याची खरी बातमी मला तेव्हा मिळाली. राजोडीला मांडव उभे राहिले असणार. बांबूंच्या आडव्या रांगांवर, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून, बोंबलांच्या जोड्या लटकू लागल्या असणार. आणि तिथे बोंबील वाळवणाऱ्या रेमेतच्या अंगणाच्या टोकाला, सुरूच्या झाडाखाली, हिरव्या प्लॅस्टिकची एक खुर्ची असते. ती असेल का?

गेला संपूर्ण हंगाम मी तिकडे फिरकले नव्हते. आधी एक डोळा, मग वाढलेली साखर, मग दुसरा डोळा. ती खुर्ची मला मिळाली होती ती कावळ्यांमुळे. मैत्री, नाते, शेजार यांतले काहीही माझ्या हातात नव्हते. राजोडीचे कावळे मला ओळखत होते आणि माझ्यावर रागावलेले होते, एवढाच माझा तेथील हक्क. आता ते मला विसरले असतील तर त्या अंगणात मी कोण म्हणून बसणार होते? हा प्रश्न हास्यास्पद आहे हे मला कळते. तरीही त्याने माझ्या दोन-तीन सकाळी खाल्ल्या.

त्यासाठी त्या पहिल्या हंगामाकडे जायला हवे.

पक्षी पाहण्याचा छंद मला फार उशिरा लागला. आयुष्यभर मी कागद वाचले; त्यांतल्या चुका शोधणे हे माझे काम होते. दुर्बीण हाती आली तेव्हा ती वापरायची कोणासमोर, हा पहिला संकोच. विरार पूर्वेत दुर्बीण डोळ्यांना लावली की समोरच्या इमारतीतली खिडकी बंद होते. म्हणून मी पूल ओलांडून पश्चिमेला यायचे आणि रिक्षा करून राजोडीला जायचे. तिथे ओहोटीच्या ओल्या वाळूवर थंडीचे पाहुणे उतरत. लहान, करडे, सारखे धावणारे चिखले. ते सगळे एकदम उडत, एकदम वळत आणि वळताना एकदम पांढरे होत. त्यांच्यातला एक दुसऱ्यापासून वेगळा सांगता येत नसे. मला ते फार आवडत. गर्दीत असून कोणाच्याच लक्षात न येणे ही माझ्या दृष्टीने मोठी सिद्धी होती.

एका सकाळी ऊन लागले म्हणून मी किनाऱ्याच्या मागच्या वाटेवर एका ओट्याच्या कडेला टेकले. आतून एक बाई बाहेर आल्या. रुंद बांधा, हाताला मिठाचा आणि माशाचा वास, गळ्यात क्रूस.

“काय बघतेस गो बाय? बोट यायची हाय काय तुझी?”

“नाही, पक्षी पाहते मी.”

“कंचे?”

“तसे सगळेच. पण जास्त करून ते वाळूवरचे.”

त्यांनी वाळूकडे पाहिले, मग माझ्या दुर्बिणीकडे, मग माझ्या चेहऱ्याकडे. “चाय पिशील?”

ही रेमेत. तिचा मुलगा बोटीवर जात असे; सून लिना दुपारपर्यंत घरकाम उरकून शनिवार-रविवारी पर्यटकांना जेवण करून देत असे; आणि रेमेत बोंबील वाळवत असे. मी तिला “अहो रेमेतबाई” म्हणू लागले, तेव्हा ती एवढी हसली की मला ते सोडून द्यावे लागले. आठवड्यातून एकदा-दोनदा मी तिच्या ओट्यावर बसू लागले. फारसे बोलणे नसे. ती जोड्या अडकवी, मी पाहत असे. कोणाच्या शेजारी न बोलता बसता येणे, हे मला त्या वयात नव्याने मिळाले होते.

मांडवाचे खरे भांडण कावळ्यांशी होते. घरटी करायला झाड आणि जेवायला माणूस, एवढ्यावर हा पक्षी जगतो. माणसाची वस्ती नाही अशा रानात तो सहसा दिसतही नाही. म्हणजे त्याचे रान आपणच. त्याची झाडे, फळे, ऋतू सगळे आपल्या सवयींचे बनलेले. फुलपाड्याच्या कावळ्यांना घंटागाडीची वेळ ठाऊक असते, कोणत्या खिडकीतून खरकटे पडते आणि कोणत्या खिडकीतून पाणी, हेही ठाऊक असते. राजोडीच्या कावळ्यांना वार कळतात, असे मला तेथे बसून वाटू लागले. शनिवारी ते सकाळपासून गाड्यांच्या बाजूला, भज्यांच्या टपऱ्यांभोवती. आणि रविवारी सकाळी, चर्चमधल्या मिस्साची घंटा व्हायच्या थोडे आधी, ते एकेक करून रेमेतच्या अंगणासमोरच्या तारेवर येऊन बसत. घंटा झाली, घरचे लोक धुतलेले कपडे घालून बाहेर पडले, की तार रिकामी आणि मांडव भरलेला.

“कावळेपन मिस्साला येतात,” रेमेत म्हणाली, “पन आमच्या अंगनात.”

त्यावर तिथला जुना उपाय होता. कुठे विजेच्या तारेवर चिकटून मेलेला कावळा सापडला की तो आणून मांडवाच्या बांबूला उलटा टांगायचा. तो टांगला की बाकीचे काही दिवस फिरकत नाहीत. त्या हंगामात असा एक कावळा रेमेतच्या मुलाने पहाटेच्या अंधारात टांगला होता. आमच्या घरी सणावाराला आधी कावळ्यासाठी घास ठेवून मग पाने वाढत, त्यामुळे तो उलटा लटकणारा पक्षी मला पाहवेना. मात्र दुसऱ्याच्या अंगणात आपले मत बोलून दाखवण्याचा माझा स्वभाव नाही. मी पाठ करून बसले.

दुपारी रेमेत आत जेवायला गेली. वारा वाढला, दोरी सुटली आणि कावळा खाली पडला. वाटेवरचे एक कुत्रे त्याच्याकडे येऊ लागले. मी पुढचा विचार केला नाही. उठले, त्या कावळ्याला दोन्ही हातांनी उचलले आणि ओट्यावर ठेवले. तो अपेक्षेपेक्षा फार हलका होता. इतका आवाज, इतकी अक्कल आणि एवढेसे वजन.

सुरूच्या शेंड्यावरून एक आवाज झाला. नेहमीचा ‘काव’ नव्हे. घासलेला, लांबवलेला, खरखरीत. दुसऱ्या झाडावरून त्याला उत्तर आले. काही क्षणांत माझ्या डोक्यावर काळे आभाळ फिरू लागले. रेमेत हातात भाताचा घास तसाच घेऊन बाहेर आली.

“काय केलंस बाय?”

“मी फक्त उचलला.”

टांगणारा हात कावळ्यांनी पाहिला नव्हता. उचलणारा पाहिला होता.

त्यानंतर मी राजोडीत पाऊल ठेवले की वर्दी जाई. रिक्षातून उतरते न उतरते तोच पहिला कावळा ओरडे, आणि मी रेमेतच्या अंगणात पोहोचेपर्यंत माझ्यामागे मिरवणूक असे. वाटेवरच्या बाया हसत. एक आजोबा दर वेळी टोपी काढून मला सलाम करत. उभ्या आयुष्यात मी कधी स्टेजवर गेले नव्हते. शाळेच्या बक्षीस समारंभालाही पोट दुखते म्हणून घरी राहिलेली मुलगी मी. आणि आता एक संपूर्ण गाव, झाडांवरचे आणि झाडांखालचे, माझ्याकडे पाहत होते.

लाजेच्या तळाशी मात्र कुतूहल होते. ते मला कशावरून ओळखतात?

रेमेतचे मत पक्के होते. “साडी बदल. ते रंग धरून ठेवतात.” मी साडी बदलली, उपयोग झाला नाही. वयाची साठी उलटल्यावर पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला. कावळ्यांनी त्याची दखल घेतली नाही, रेमेतने घेतली. “बरी दिसतेस की. उगाच साडीत अडकलीस इतकी वर्सं.” मग लिनाने नवऱ्याची टोपी दिली. मग मी छत्री उघडून आले, तर दोन कावळे छत्रीवरच बसून ओरडू लागले. शेवटी पर्समध्ये राहिलेला महामारीतला कापडी मास्क मी तोंडाला लावला. त्या दिवशी गाव शांत. तारेवर बसलेले कावळे माना वाकड्या करून पाहत होते. काहीतरी ओळखीचे आहे, पण काय ते सापडत नाही, अशी त्यांची मुद्रा. लिना हसून म्हणाली, “आँटी, फिक्स झालं! आता कायम मास्क लावूनच बसा.”

“मग चाय कशी पिनार ती?” रेमेतने कप पुढे केला. मी मास्क खाली ओढला आणि पहिल्या घोटाबरोबर अंगण दणाणले.

म्हणजे चेहरा. ते माणसाचा चेहरा वाचत होते. मला कोण्या तज्ज्ञाला विचारायचे धैर्य नव्हते, म्हणून मी बसून आपल्या परीने विचार करू लागले. खाडीकाठी बगळ्याच्या जातीची ढोकरी उभी असते, तासन् तास एकाच जागी. तिला पाणी वाचता येते. पाण्यातली सावली आणि पाण्यातला मासा यांतला फरक तिच्याइतका मला कधीच कळणार नाही. पण तिचे पाणी आज आहे तसेच उद्या असते, आणि तिला शेजारणीशी फारसे देणेघेणे नसते. कावळ्याचे तसे नाही. त्याचे अन्न रोज जागा बदलते, कारण ते माणसांच्या मर्जीवर असते. एक माणूस पोळी टाकतो, दुसरा दगड मारतो, आणि दोघांना दोन पाय, दोन हात. चेहरा लक्षात ठेवला नाही तर उपाशी मरावे लागेल किंवा मार खावा लागेल. त्याच्या बुद्धीला वळण देणारी शाळा म्हणजे आपली गल्ली.

आणि दुसरी शाळा म्हणजे त्याची स्वतःची जमात. उमेळे गावात अजून थोड्या वाड्या शिल्लक आहेत. नव्या इमारतींच्या मागे केळी, जास्वंद, एखादी विहीर. तिथे सातभाई पाहायला मी कधीमधी जाते. जमिनीवरची पाने उलटत सगळे चरत असतात आणि एक जण उंच फांदीवर पहारा देतो. थोड्या वेळाने तो उतरतो, दुसरा चढतो. कोणाची पाळी झाली, कोणाची टळली, हे त्यांना कळत असावे. निदान त्यांच्या कलकलाटावरून तरी तसे वाटते. एकत्र राहणे म्हणजे सतत दुसऱ्याचा अंदाज घेणे. कार्यालयात मी तेच केले. बुजऱ्या माणसाला पावलांच्या आवाजावरून साहेबांचा मूड कळतो, दार लावण्याच्या पद्धतीवरून घरचे भांडण कळते. याला कोणी हुशारी म्हटले नाही. पण ज्याला गर्दीत जगायचे आहे आणि आवाज चढवायचा नाही, त्याचे डोके याच दिशेने वाढणार.

हे सगळे कोडे असे सुबक सुटत गेले असते तर मला त्याची भीती वाटली असती. सुदैवाने उन्हाळा आला. सुरूवर कावळ्यांनी काटक्यांची आणि तारांच्या तुकड्यांची घरटी केली, आणि एका घरट्यात कोकिळेने आपले काम उरकले. मी दुर्बिणीतून पाहत होते: माझा चेहरा मास्कशिवाय दुरून ओळखणारी ती कावळीण, स्वतःसारखे न दिसणारे, स्वतःसारखे न बोलणारे पिल्लू मांडवावरच्या बोंबलांवर पोसत होती.

“एवढे हुशार, आणि आपले पोर ओळखता येत नाही,” मी म्हणाले.

रेमेत जोड्या काढून टोपलीत टाकत होती. वर न बघता म्हणाली, “लेकरू तोंड उघडून बसलं तर कोन विचारतं कोनाचं ते?”

तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते की नाही हे मला सांगता येणार नाही. पण बुद्धीच्याही काही ठिकाणी खिडक्या असतात आणि काही ठिकाणी भिंती, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवले. शत्रूच्या चेहऱ्याकडे डोळे उघडून पाहायचे आणि भुकेल्या तोंडाकडे डोळे मिटून. कदाचित दोन्ही मिळूनच कावळ्यांची जमात टिकली असेल.

परंतु मी क्रम सोडला. उन्हाळ्याच्या आधी, थंडीतच, मला त्या अंगणातून जावे लागले होते. माझ्यामागे येणारे कावळे माझ्याभोवतीच्या मांडवावर उतरत. ओरडून दमले की समोर बोंबील. रेमेतचे नुकसान डोळ्यांना दिसत होते. ती दोन-तीनदा काही बोलायला आली आणि चहा देऊन गेली. शेवटी एका सकाळी म्हणाली, “बाय, रागावू नकोस. थोडे दिवस आली नायस तरी चालेल.”

मी रागावले नाही. मला ते वाक्य पाठ होते. आयुष्यात निरनिराळ्या शब्दांत ते मी ऐकले होते. मी “हो हो, बरोबर आहे” असे चटकन म्हटले आणि उठले. पण रिक्षापर्यंत चालवेना. अंगणाच्या टोकाला, जिथे हद्दीचे कुडाचे कुंपण संपते आणि वाळू सुरू होते, तिथे सुरूच्या झाडाखाली एका दगडावर बसून राहिले. कावळे अर्थात बरोबर आले. माझ्या डोक्यावर त्यांची सभा भरली. मी मान खाली घालून त्यांचे सर्व म्हणणे ऐकून घेतले.

बराच वेळ गेल्यावर वाळूत पावले वाजली. लिना होती, डोक्यावर हिरवी खुर्ची उलटी घेतलेली. “आईने पाठवलीय. बसा यावर, दगडावर नको.”

“मी निघतच होते.”

“नका ना जाऊ आँटी! तिकडे बघा.” तिने मांडवाकडे बोट केले. मांडव रिकामा होता. गावातले यच्चयावत कावळे माझ्या डोक्यावर होते आणि बोंबील पहिल्यांदाच निवांत वाळत होते.

रेमेत लांबून ओरडली, “बस तिथंच! चाय तिथं आनून देते!”

असा मला राजोडीत उद्योग मिळाला. मी त्या खुर्चीत बसायचे, कावळ्यांनी मला शिव्या द्यायच्या, आणि तिकडे रेमेतने जोड्या अडकवायच्या. ओरडून कंटाळले आणि निघू लागले की मी उठून दोन पावले चालायचे. लगेच नवा उत्साह. बाया म्हणू लागल्या, “आमच्यापन मांडवाला पाठव गो तुझ्या बायला.” रेमेत म्हणे, “ती माजी हाय.” हे ती कावळे राखणारी म्हणून म्हणत होती, हे मला स्पष्ट ठाऊक होते. तरी रिक्षात बसल्यावर मी ते वाक्य मनात पुन्हा ऐकून घेत असे.

त्या जमावात एक वेगळा होता. डाव्या पायाचे एक बोट नसलेला. सगळे माझ्यावर तुटून पडलेले असताना तो तारेवर शांत बसून राही, मग कोणाचे लक्ष नाही असे पाहून सरळ मांडवावर उतरे आणि एक जोडी घेऊन जाई. कधी कधी तर मी शांत बसलेली असताना तोच पहिली आरोळी ठोकी, सगळ्यांना माझ्यावर सोडी आणि स्वतः जेवायला जाई. मी हे रेमेतला सांगितले तर तिला ते माहीत होते. “तो बोटतुटका ना? तो भांडत नाय. तो खातो. असा एक प्रत्येक घरात असतो.”

“आपल्या घरात कोण?” लिनाने विचारले.

रेमेतने दाराकडे पाहिले. आत तिचा मुलगा घोरत होता.

समूहात राहून अक्कल येते ती अशीही. एकमेकांना सावध करण्याची भाषा ज्यांनी घडवली, त्यांच्यातच तिचा खोटा वापर करणारा निपजतो. मग खोटे ओळखणारे निपजतात. त्या वर्षी बाकीचे त्याच्या हाकेला फसत. पुढच्या हंगामात मला वाटले, त्याच्या आरोळीवर माना वळत, पण पंख उघडत नसत. मला नुसते वाटले असेल. नोंद करून ठेवण्याइतका माझा माझ्या निरीक्षणावर विश्वास नाही.

एक गोष्ट मात्र मी पुन्हा पुन्हा पाहिली. पुढच्या थंडीत तारेवर नवी पिल्ले असत, तोंडाच्या आतून अजून गुलाबी. त्यांनी तो उलटा टांगलेला कावळा पाहिला नव्हता, माझे ते दोन हात पाहिले नव्हते. ती आईकडे पाहत, आई माझ्याकडे पाहून ओरडे, मग ती माझ्याकडे पाहत आणि फुटक्या आवाजात तेच म्हणत. माझ्याविषयीची एक कथा त्या झाडांवर चालू होती. ती चुकीची होती. पण कोणीतरी आपल्या मुलांना माझ्याविषयी सांगत होते, आणि माझ्या घरी तसे सांगणारे कोणी नाही. मला त्या कथेत दुरुस्ती करावीशी वाटली नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्यावर ही एक चूक मी तशीच राहू दिली.

अशा अनेक थंड्या गेल्या आणि मग हा एक हंगाम रिकामा.

गेल्या आठवड्यात मी गेले. डोळ्यांवर शस्त्रक्रियेनंतरचा काळा, बाजूंनीही बंद असा चष्मा, केस आखूड, हातात काठी. रिक्षातून उतरले. वर्दी गेली नाही. सुरूवर दोन-तीन कावळे होते. त्यांनी पाहिले आणि पिसे साफ करत राहिले. टोपी काढणारे आजोबा त्यांच्या ओट्यावर नव्हते. मी वाटेवरून चालले ती एखाद्या परक्या पर्यटक बाईसारखी. लक्षात न येण्याची माझी जुनी इच्छा अखेर पूर्ण झाली होती, आणि मला पाय उचलवत नव्हते.

अंगणाच्या टोकाला सुरूखाली पाहिले. खुर्ची नव्हती.

परत फिरावे असा विचार करत मी तेथेच काठी टेकून उभी राहिले असताना मांडवाखालून आवाज आला. “भूत हाय का मानूस? इकडं ये की!”

रेमेत वाळली होती. तिच्या हातांतली चपळाई तेवढी तशीच. हिरवी खुर्ची मांडवाच्या आत, तिच्या टोपलीशेजारी होती, आणि तिच्यावर ओल्या बोंबलांचे घमेले ठेवलेले होते. तिने घमेले उचलून खाली ठेवले, पदराने खुर्ची पुसली. “बस. डोळे झाले का नीट?”

“हो. पण कावळ्यांनी ओळखलं नाही मला.”

“बरं झालं. लाव आता जोड्या. इतकी वर्सं नुसती बसून होतीस.”

मी पहिल्यांदाच हातात बोंबील घेतले. ओले, गार, जवळजवळ पारदर्शक. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात कसा अडकवायचा हे तिने दोनदा दाखवले. तरी माझ्या जोड्या सुटत होत्या. तारेवर एक कोवळा कावळा बसून माझ्या चष्म्याकडे एकदा या डोळ्याने, एकदा त्या डोळ्याने पाहत होता. मिठाने की कशाने, माझे डोळे पाणावले. मी चष्मा काढून मनगटाने डोळे पुसले.

ती आरोळी मी कुठेही ओळखली असती. घासलेली, लांबवलेली, खरखरीत. पहिली त्या कोवळ्याची नव्हती. सुरूच्या शेंड्यावरच्या कोणा जुन्याची होती. कोवळ्याने तिकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि घसा फाडून तेच म्हटले. मग झाडे हलली.

लिना आतून धावत आली. “आँटी आल्या का?” तिने मला न पाहताच विचारले.

मांडवावर सावल्या फिरू लागल्या. मी सवयीने उठले. हातातली जोडी ठेवली, काठी काखेत मारली आणि खुर्ची उचलली. टोकाला, सुरूखाली जायचे होते. माझे काम मला परत मिळाले होते.

“कुठं चाललीस?”

“तिथे बसते. इथे सगळे बोंबील नेतील ते.”

रेमेतने माझ्या हातातली खुर्ची घेतली आणि होती तिथे दणकन ठेवली. “बस गुमान. ओरडू दे. नेऊन नेऊन किती नेतील?”

मी बसले. डोक्यावर गदारोळ चालला होता, आणि मी मान खाली न घालता वर पाहिले. निळे, जांभळे, मध्येच हिरवट. त्या गोंधळात एक कावळा न ओरडता मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उतरला. डाव्या पायाचे एक बोट नव्हते. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि नेमकी मी लावलेली, सैल राहिलेली जोडी ओढून काढली.

मी रेमेतकडे पाहिले. तिनेही त्याला पाहिले होते. तिने पुढची जोडी उचलून माझ्या हातात दिली.